एकच ठिपका

महंमद हनीफच्या क्लॅरिनेटशिवाय जुन्नर-ओतूरकडचा नवरदेव घोड्यावर बसायला राजी नसायचा. दोन हजार एक साली त्याच्या कानाखाली गाठ आली. लाळग्रंथीचा कॅन्सर, तोही लाखात एखाद्याला होणारा. पुण्यात ऑपरेशन झालं, गाठ गेली. ओठाचा उजवा कोपरा मात्र जरा सैल पडला. सहा महिने आरशासमोर बसून त्यानं फुंक पुन्हा साधली आणि गडी बँडमध्ये परतला.

पाच वर्षांनी तपासणीत फुप्फुसावर ठिपका दिसला.

"हा आजार वर्षानुवर्षं दडून बसतो," डॉक्टर म्हणाले. "एवढाच ठिपका असेल तर काढून टाकू. दुसरीकडं पसरलाय का, ते मुंबईला पेट स्कॅनमध्ये कळेल."

सोबत आलेला बँडमधला ढोलवाला गोरख चक्रावला. "ठिपका छातीत आन् तपासणी पेटाची? राव, ह्यो डाक्टर नक्की शिकलेला हाय ना?"

हनीफला इतकं हसू आलं की भीती घटकाभर पळाली.

मुंबईत त्याची बायको आमिना बाहेर थांबली. आत स्कॅन करणाऱ्या मुलीनं सुई टोचली नि समजावलं, "चाचा, ही एक प्रकारची साखरच आहे, किरणं सोडणारी. कॅन्सर साखरेला हावरा असतो. ही जिथं जाऊन बसेल, तिथं पडद्यावर उजेड दिसेल. आता तासभर बोलायचं नाही, हलायचं नाही."

हनीफ डोळे मिटून पडला. थोड्या वेळानं भिंतीवरच्या स्पीकरमधून आवाज आला, "चाचा, बोटं!"

मांडीवर बोटं आपोआप चालत होती. मनातल्या मनात वरात निघाली होती.

"हाताला काम दिलंत तर साखर हातातच जाईल. मग हातच उजळायचे!"

हनीफनं दोन्ही पंजे उशीखाली दाबून टाकले.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. छातीत एकच इवलासा उजेड. सीटी स्कॅनमध्येही बाकी सगळं साफ.

"एकच?" आमिनानं विचारलं. "नीट बघा, साहेब."

"तीनदा पाहिलं. एकच."

आमिनानं तिथंच ओढणीत तोंड लपवलं. रडतेय की हसतेय, हनीफला कळेना.

ऑपरेशन करून ठिपका काढला. चौथ्या दिवशी नर्सनं फुप्फुसाच्या व्यायामासाठी तीन चेंडू असलेलं नळीचं यंत्र हातात दिलं. हनीफनं जोर लावून फुंकलं. चेंडू ढिम्म.

"चाचा, फुंकायचं नाही, श्वास ओढायचा!"

"सारी उमर फुंकत आलो, आन् तुमी आता ओढायला लावता व्हय?"

पण ओढला, नि तिन्ही चेंडू टोपणाला जाऊन भिडले. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं टाळी वाजवली.

पुढच्या वैशाखात अवसरी खुर्दला एका शेतकऱ्याच्या पोरीचं लगीन होतं. लांब सुरावर हनीफचा दम अपुरा पडायचा. तेवढ्या जागा गोरख ढोलानं भरून काढायचा. वरात मारुतीच्या देवळापाशी आली तेव्हा घामाघूम हनीफनं क्लॅरिनेट खाली घेतली, तर वऱ्हाडी ओरडले, "चाचा, अजून एक!"

त्यानं आणखी तीन गाणी वाजवली.