कुंकू लागलेला डबा

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये मी ॲल्युमिनियमचा एक डबा बनवला. मुठीत मावेल एवढा, दोन अर्ध्या भागांचा, आतून पोकळ. यात काय ठेवणार, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगायचे, उजेडाचा एक कण. मग विचारणारा आधी माझ्याकडे बघायचा, नंतर अप्पांकडे, आणि पोरगी शिकून शिकून वाया गेली असा चेहरा करून चहा संपवायचा.

अप्पा म्हणजे माझे वडील. शेड त्यांची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कारखान्यात धातू कापायचं मिलिंग मशीन चालवलं, मग स्वतःचं घेतलं आणि गाड्यांचे सुटे भाग करून देऊ लागले. मी फिजिक्स शिकले आणि दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागले. तिथं जरा कुठं बस्तान बसत होतं तोच अप्पांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. तीन-चार महिने शेडकडे बघते म्हणून आले ती इथलीच झाले. शेड बंद केली तर अप्पा अंथरूण धरतील, असं आई म्हणाली. डॉक्टर म्हणाले असते तर मी दुसऱ्या डॉक्टरकडे गेले असते. आईपुढे काय करणार?

मला कोंडल्यासारखं होत होतं, हे आधीच सांगून टाकते. पत्र्याखाली दिवसभर मशीनवर सोडायच्या कूलंटचा वास, घरी आलं की नळाला पाणी कधी येणार याची चर्चा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला माझं सगळं माहीत. किती वाजता शेडमधून निघाले, कुणाचं स्थळ आलं, कुणाला नाही म्हटलं. प्रयोगशाळेत मी ज्याचा अभ्यास करत होते, तेच माझ्यावर चाललं होतं.

तो अभ्यास असा. क्यूबिट म्हणजे एक चिमुकली चिप. ती हो आणि नाही अशी दोन्ही उत्तरं एकाच वेळी धरून बसू शकते, पण भोवतालाला त्यातलं उत्तर कळेपर्यंतच. भोवताल म्हणजे माणसंच पाहिजेत असं नाही. शेजारचा धातू, त्यावरचा मळ, खोलीतली साधी ऊब, कुणालाही पत्ता लागला की चिपचं ते दुहेरीपण गेलं. म्हणून तिला डब्यात ठेवतात आणि डबा भयंकर थंडीत. तिच्या सोबतीला डब्यात उजेडाचा एकच कण सोडतात. मोबाइल चालतो त्या जातीचा उजेड, डोळ्यांना न दिसणारा. तो भिंतींवर आपटत राहतो. भिंत गुळगुळीत नसली, दोन अर्ध्यांच्या सांध्यात फट राहिली, बोटाचा तेलकटपणा राहिला, की भोवताल त्याला गिळून टाकतो. डबा जितका चांगला तितका वेळ तो टिकतो.

अप्पांना हे समजावताना मी स्वयंपाकघरातलं पितळी पातेलं आणलं आणि चमच्यानं वाजवलं. नाद घुमत राहिला. मग काठाला बोट लावलं, तो गप्प झाला.

"म्हंजे कुणी हात नाय लावायचा," अप्पा म्हणाले.

"कुणीच नाही."

"मग तुमाला आत काय हाय ते कसं कळतं?"

त्यासाठी डब्याला एक बारीक भोक ठेवतात आणि त्यातून एक पिन आत सोडतात. पिन फार आत गेली तर कण तिच्यातूनच पळतो, फार बाहेर राहिली तर आतलं काहीच कळत नाही. अगदी बंद डब्यात कण सगळ्यात जास्त टिकेल, पण त्या डब्याचा कुणाला उपयोग नाही. हे सांगितल्यावर अप्पांनी डाव्या हातानं पातेलं एकदा वाजवून बघितलं.

डब्याचं काम माझ्या जुन्या सरांनी दिलं होतं. सर मराठीच, बोलायला रोखठोक. फोनवर म्हणाले, "परदेशातून डबे मागवून कंटाळलोय. शुद्ध धातूचा एकच ठोकळा आहे, तो पाठवतो. जमला डबा, तर इथं मशीन घेऊन डबे बनवायलाच एक माणूस हवाय. दिवाळीनंतर ये."

त्या दिवसापासून मी दुसरा विचार केला नाही. अप्पा तोवर काठी घेऊन चालू लागले होते. आमचा जुना ऑपरेटर शेड सांभाळायला तयार झाला होता. आईसुद्धा, जा बाई एकदाची, असं म्हणाली होती. अप्पा नुसतं "बरं" म्हणाले. मधे फक्त तो डबा उरला होता. मऊ धातू, कापणाऱ्या टूलला चिकटायचा, ओरखडा पडला तर संपलं. मशीनवर दुसरं काही लावू दिलं नाही, कुणाला जवळ येऊ दिलं नाही. शेवटचा कट झाला तेव्हा आतली भिंत अशी निघाली की मला माझाच चेहरा ओळखू आला, आणि तो हसत होता.

डबा मी स्वच्छ कापडात गुंडाळून ऑफिसच्या कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

त्या दिवशी वाळूजमध्ये मशीन बंद असतात. धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून, हळदीकुंकू लावून सगळ्या हत्यारांची पूजा होते. मी फुलं घेऊन पोचले तोवर अप्पांनी पाट मांडला होता. पाटावर नट आवळायचे पाने, मापाचा व्हर्निअर, टूल, आणि मधोमध माझा डबा. दोन्ही भाग उघडे, पोकळी वर. आणि त्या आरशासारख्या भिंतीवर कुंकवाचं वाकडंतिकडं स्वस्तिक. डाव्या हाताचं बोट. सांध्याच्या कडेला हळद.

फुलांची पिशवी मी तिथंच टाकली.

"काय केलंत हे? मुद्दाम केलंत ना? मी जाऊ नये म्हणून?"

मी अप्पांवर ओरडले, ऑपरेटरच्या आणि शेजारच्या शेडमधल्या लोकांच्या देखत. हात लावायचा नाही हे पातेलं वाजवून सांगितलेल्या माणसानं बोट आत घातलं होतं.

अप्पा पाटासमोरून उठले नाहीत. "तुझा जॉब हाय," म्हणाले. शेडमध्ये मशीनवरच्या वस्तूला जॉबच म्हणतात. "लई चांगला झालाय. ह्यालाच नाय लावायचं, तर मग कशाला लावायचं?"

माझा राग आणखी वाढला. डबा उचलून मी आत गेले आणि दार लावून घेतलं.

पुसता येत नव्हतं, पुसलं की ओरखडे. मशीनवर वरचा थर काढावा, तर पोकळीचं माप बदलणार. नळाच्या पाण्याचा भरवसा नाही, म्हणून चौकातून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी आणलं, कॅनच्या कॅन. ॲसिटोनमध्ये बुडव, त्या पाण्यात बुडव, पुन्हा ॲसिटोन. कुंकू गेलं. हळदीचा पिवळा डाग सांध्यापाशी राहिला, उन्हात तिरपं धरलं तरच दिसेल एवढा. मला मात्र तो डोळे मिटले तरी दिसत होता.

सरांना फोन करून खरं ते सांगितलं. ते हसले. "आम्ही ॲसिडमध्ये वरचा अगदी पातळ थर काढतोच. पण सांध्याचं काही सांगता येत नाही. पाठव."

पाठवला. मग दिवाळी आली. मी फराळाचं ताट पुढ्यात घेऊन फोनकडे बघत बसायचे. अप्पांशी कामापुरतं बोलायचे. तेही कामापुरतंच बोलायचे, पण रोज एकदा विचारायचे, "गार झाला का डबा?" त्या थंडीपर्यंत पोचायलाच दिवस लागतात, हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

फोन आला तेव्हा मी शेडच्या दारात होते.

"अगं, कण मरतच नाही!" सर ओरडत होते. "बाहेरून आणलेल्या सगळ्या डब्यांपेक्षा जास्त टिकला. सांधा काय बसवलायस!"

मला रडू आलं. म्हटलं, "सर, मग मी कधी येऊ?"

ते समजुतीच्या सुरात बोलू लागले. इथं असलं मशीन अजून नाही. घ्यायचं म्हटलं तर कैक वर्षं जातील. त्या जागेवर मोजमाप करणारा कुणीतरी घेऊ, तशी मुलं मिळतात. असा डबा करणारं कुणी मिळत नाही. "तू तिथंच राहा. तुझी इथल्यापेक्षा तिथं आम्हाला जास्त गरज आहे. पुढचे ठोकळे पाठवतोय."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

घरी आले तर दिवाणखान्यात माझी मोठी बॅग उभी होती, दक्षिणेतून आणलेली. माळ्यावर टाकली होती ती अप्पांनी काठीनं ओढून खाली पाडली होती आणि डाव्या हातानं पुसून ठेवली होती. चाकांना खोबरेल तेल लावलं होतं.

"सरांचा फोन आल्ता म्हनं. ऑपरेटर सांगत व्हता," अप्पा म्हणाले. "कवा निघायचं?"

मी सगळं सांगितलं. डबा चांगला झाला म्हणूनच मला बोलवत नाहीत, हेही सांगितलं.

अप्पा चिडले. माझ्यावर चिडलेले मी त्यांना कितीदा पाहिलं होतं, माझ्यासाठी चिडलेले पहिल्यांदाच पाहिले. काठी आपटून म्हणाले, "मंग खराब करायचा व्हता की!"

"ते कुठं शिकवलंत मला?"

आईनं चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

नवे ठोकळे आलेत. पहिला सध्या मशीनवर आहे. बॅग अजून दिवाणखान्यात उभी आहे, येणारे-जाणारे विचारतात, कुठं निघालीस? मी ती माळ्यावर ठेवणार नाही. अप्पांना ठेवायची झाली, तरी एका हातानं ती खाली ओढता येते, वर चढवता येत नाही.