टक्केसाहेबांचा हिरवा रिपोर्ट

टक्केसाहेबांना कुणाची खुशाली विचारता येत नसे. समोर कुणीही आलं की त्यांचा एकच प्रश्न, "किती झालं?" आणि उत्तर टक्क्यांतच हवं. 'होत आलंय', 'थोडं राहिलंय' असली उत्तरं त्यांना बिलकुल चालत नसत. थोरली मुलगी बारावी पास झाली तेव्हा "ब्याण्णव टक्के, ब्याण्णव टक्के" करत त्यांनी ऑफिसभर पेढे वाटले. पुढे ती काय शिकणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, "ते तिच्या आईला म्हाईत." त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण आम्ही ठेवलेलं हे नाव इतकं चिकटलं, की खालचा मोटार वाइंडिंगवालाही त्यांना त्याच नावानं ओळखायचा.

दोन हजार सालानंतरची, जालन्यातली गोष्ट. एका बियाणे कंपनीच्या लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहीत होतो. प्रत्येक लॉटच्या उगवणीचा निकाल त्यात भरायचा. लॉट पास असला तर पिशवीचं टॅग छापून निघायचं, नापास असला तर निघायचं नाही. लिहिणारे आम्ही चौघे आणि डोक्यावर साहेब. साहेब वाटूरच्या शेतकरी घरातले. कोडची एक ओळ त्यांनी जन्मात लिहिली नव्हती आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं.

त्या लॅबचे प्रमुख भोकरदनकडचे एक काका होते. वीस वर्षं त्यांनी दाणे भिजवून कोंब मोजण्यात काढली होती. पहिल्याच भेटीत त्यांनी बजावलं, "टॅगवर सही माझी राह्यते. तुमचं मशीन चुकलं तरी लोक मलाच इचारतील. तेवढं सांभाळा." साहेबांनी छातीवर हात ठेवला. "काका, शंभर टक्के!" काकांचा जीव भांड्यात पडला. माझा नाही पडला, कारण शंभर टक्के हे साहेब जेवणाच्या डब्यालाही म्हणत.

आम्हाला काम देणाऱ्या पुण्याच्या कंपनीकडून एक दिवस फर्मान आलं. दर महिन्याला कव्हरेज रिपोर्ट पाठवायचा. प्रोग्राम तपासायला आम्ही लिहिलेल्या चाचण्या चालवल्यावर कोडच्या किती ओळी चालल्या, हे तो रिपोर्ट सांगतो. चाललेली ओळ हिरवी, न चाललेली लाल, आणि वर मोठ्या अक्षरात टक्के. ते टूल बसवायचं काम माझ्याकडे आलं. लोडशेडिंग सांभाळत आठवडाभर खपून मी ते चालू केलं. पहिला आकडा आला अडतीस. साहेबांनी कपाळाला हात लावला. "अडतीस? आरं, आमच्या शाळेत म्हशी वळणाऱ्या पोरांला याच्याहून जास्त पडायचे."

मी समजावून सांगितलं. सर, ओळ चालली एवढंच हा रिपोर्ट सांगतो. बरोबर चालली की चुकीची, ते चाचणीत आपण तपासायचं असतं. साहेब माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "इंजिनेर, चालली म्हंजे बराबरच चालली ना! बंद पडलेली गाडी चालती का?" मी तीनदा सांगून पाहिलं. तीनदा तीच गाडी माझ्या अंगावर आली. पालथ्या घड्यावर पाणी.

मग साहेबांनी टक्का वाढवण्याची मोहीमच काढली. चूक झाली तर प्रोग्रामनं काय करावं, यासाठी लिहिलेल्या ओळी लाल दिसत होत्या, कारण तशी चूक चाचणीत घडतच नव्हती. साहेब म्हणाले, "जे चालत न्हाई ते ठेवायचं कशाला? काढून टाका." आम्ही काढून टाकलं. नंतर त्यांनी एक खास चाचणी लिहून घेतली. ती जमेल तेवढ्या कोडमधून एकदा धावून यायची आणि कशाचाही निकाल बघायची नाही. तिला ते कौतुकानं 'चक्कर' म्हणायचे. चक्कर लागू झाली त्या दिवशी टक्का ऐंशीच्या वर गेला. साहेबांनी रंगीत प्रिंट काढून आणली, लॅमिनेशन केलं आणि खुर्चीमागे देवाच्या फोटोशेजारी टांगली. तिच्याकडे बघून मला हसू यायचं आणि शिसारीही.

माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा रोज संध्याकाळी ते मोटारसायकलवरून डबा घेऊन यायचे. डॉक्टरांना गाठून विचारायचे, "आज किती टक्के फरक?" डॉक्टर वैतागायचे. आईला मात्र ते देवमाणूस वाटायचे, आणि तिच्यासमोर मी त्यांची थट्टा करत नसे.

एक चाचणी मी मन लावून लिहिली होती. एका लॉटचा निकाल भरायचा, पुढच्या लॉटची फेरतपासणी बाकी म्हणून रकाना रिकामा सोडायचा, आणि त्या दुसऱ्या लॉटचं टॅग निघत नाही ना, हे तपासायचं. ती नापास झाली. रकाना रिकामा असला की आमचा प्रोग्राम आधीच्या लॉटचा आकडा उचलून खुशाल टॅग छापत होता. शिवाय चाचणीतली तपासायची ओळ नापास झाली की चाचणी तिथंच थांबायची, पुढच्या ओळी लाल राहायच्या आणि टक्का घसरायचा. साहेब धावत आले.

"दुरुस्तीला किती दिवस?"

"चार तरी लागतील, सर."

"रिपोर्ट उद्या जाऊन राह्यला. ती तपासायची ओळ काढ. बाकी चाचणी चालू दे. मंग बघू."

"सर, पण काकांची सही..."

"मंग बघू म्हणलं ना! जल्दी कर."

मी ओळ काढली. चाचणी शेवटपर्यंत धावली, टक्का सत्त्याण्णव झाला, पुण्याहून कौतुकाचं पत्र आलं. त्यात माझंही नाव होतं. ते पत्र मी आईला वाचून दाखवलं. 'मंग' काही आलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही.

त्या हंगामात सोयाबीनचा एक लॉट बदनापूरकडे गेला. फेरतपासणी व्हायची होती, टॅगवर मात्र आधीच्या लॉटचा झकास आकडा होता. निम्मंही उगवलं नाही. कंपनीनं पिशव्या परत घेतल्या, पण सही काकांची होती. वीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या माणसाला गोदामात पोती मोजायला बसवलं.

काका आमच्या ऑफिसात आले ते भांडायला नाहीच. चष्मा पुसत उभ्या उभ्याच म्हणाले, "मला फक्त येवढंच सांगा. तुमी इतक्या चाचण्या घेतल्या. त्यात हे सापडलंच न्हाई का?"

साहेबांनी भिंतीवरची प्रिंट काढून त्यांच्यापुढे धरली. "बघा ना काका, ही ओळ हिरवीगार है! मशीनला न्हाई सापडलं, मंग माणसाला काय सापडणार?" ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. ओळ काढायला लावल्याचं ते केव्हाच विसरले होते.

काका माझ्याकडे वळले. "तू लिव्हलं व्हतं ना रं बाबा? तुला बी न्हाई सापडलं?"

साहेबांना मी आजही मूर्ख म्हणतो. चारचौघांत त्यांच्या नकला करतो, लोक पोट धरून हसतात. पण काकांच्या त्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं, हे त्यांतल्या कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "नाही काका. मलाही नाही सापडलं."