पोळा दोन जागी फुटला

माह्या सासरच्या गावाले कोणत्या लग्नात वरण पातळ झालं होतं, ते पिढ्यान्‌पिढ्या आठवते. कोणाच्या सासूनं कोणाले काय म्हटलं, तेबी आठवते. फक्त गावानं स्वतः काय केलं, तेवढं आठवत नाई. म्हून मले सांगा लागते. सांगताना माहा आवाज चढते, तं चढू द्या.

गाव मालेगावहून वाशिमले जाणाऱ्या रस्त्याच्या आत, बैलगाडीनं घटकाभर. इंग्रज गेले, राज आपलं आलं, मतदानाच्या पेट्या येऊन गेल्या, पण आमच्या गावात पाटील तोच. त्याच्या आधी त्याचा बाप, त्याच्या आधी आजा. पुढे पंचायत झाली, तं सरपंचबी तोच. चावडी त्याची, न्याय त्याचा, मारुतीच्या पारावरची मधली जागा त्याची. माणूस बोलाले गोड. रस्त्यात भेटला का लेकराच्या डोक्यावर हात ठेवे. पण एका उन्हाळ्यात त्याच्या मनात आलं, आन् त्यानं गायरान नांगरून आपल्या वावरात घेतलं. त्या गायरानातूनच नाल्याच्या डोहाकडे गुरं जात. त्यानं वाटेवर काट्याचं कुंपण घातलं आन् गुरांले टेकडीमागून लांब फेरा पडला.

ज्यायच्या गोठ्यात गडीमाणसं, त्यायले फेऱ्याचं काय? मेले आमच्यासारखे. आमाले गाव एकबैले म्हणे, म्हणजे ज्यायच्या घरी एकच बैल. असे दोन शेजारी आपापला बैल जोडत आन् आळीपाळीनं दोघांचं वावर वाहत. त्याले सावड म्हणत. आमचा पांढरा आन् शेजारच्या काकाचा तांबडा, ही सावड माह्या लग्नाच्या आधीपासूनची. काका-काकीच्या भिंतीले आमची भिंत लागून. माह्या बाळंतपणात शेक-शेगडी, न्हाणं-धुणं सगळं काकीनं केलं. माहा राग परक्यावर नाई, हे एवढ्यासाठी सांगून राह्यली.

सुरुवात आमच्या घरच्यांनी केली. माहा नवरा घरात बोलाले महाग, पण त्या उन्हाळ्यात त्याले वाचा फुटली. त्यानं एकबैले जमा केले आन् चावडीसमोर नेऊन बसवले. आज थोडे, उद्या जास्ती, असं करत सारी खालची आळी तिथं बसाले लागली. रिठदकडूनबी लोक आले, त्यायचंबी त्यायच्या पाटलाशी असंच काईतरी होतं. मंग सगळे मिळून पायी वाशिमले गेले आन् कचेरीसमोर बसले. मीबी गेली होती, काखेत लेकरू घेऊन. पाटील, गादीवरून उतरा, वाट सोडा, एवढंच आमचं म्हणणं. साहेबानं अर्ज घेतला, पाहू म्हणाला.

मले वाटलं होतं, वाटेत लोक पाणी देतीन, दोन शब्द बरे बोलतीन. कायचं काय! वाशिमच्या बाजारात आमाले पाहून लोक दात काढत. पानठेलेवाला इचारे, काहो, आता तुमी राजे होता काय? एक म्हातारा तं माह्या नवऱ्यावर थुंकाचाच बाकी राह्यला. ज्याच्या दाण्यावर जगले त्याच्यावरच उलटले, म्हणे. आमी आमच्या घामाचे दाणे खात होतो, पण त्याले कोण सांगते! गावात विहिरीवर मी गेली का बाया आपापले दोर आवरून घेत. त्यायची गुरंबी त्याच फेऱ्यानं वाळत होती. तरी पाटलाच्या आधी त्यायलेच आमचा राग आला होता.

मंग आला पोळा. आमच्याकडे गावाच्या आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानाचं तोरण बांधत. तोरणाखाली पहिली पाटलाची मानाची जोडी, तिच्या मांगं सारं गाव. पाटलाच्या जोडीनं तोरण तोडलं का पोळा फुटला. आन् आमच्या गावची एक रीत होती. पोळ्याले ज्याच्या जोडीले बैल उभा राह्यला, वर्षभराची सावड त्याच्याशीच. यंदा पाटलाच्या मांगं बैल उभे कराचे नाई, असं एकबैल्यांनी ठरवलं. नाल्याच्या वाटेवर, त्याच्या कुंपणापाशी, आपलं तोरण बांधाचं. इथं आमचे लोक चुकले. चावडीसमोरचं बसणं गावानं हसण्यावारी नेलं होतं, पण पोळा पाटलाचा नसते, बैलाचा असते. वर्षभर राबणाऱ्या मुक्या जिवाच्या सणात भांडण आणलं, असं लोकायले वाटलं. आमाले वाटत होतं का मान पाटलाचा जाईन. गाव म्हणे, बैलाचा गेला.

आदल्या दिवशी दिवस बुडायच्या आत दोन्ही बैल आमच्या अंगणात आणले. काकीनं आन् मी मिळून त्यांचे खांदे हळद-तुपानं शेकले, उद्या जेवाले या म्हून दोघांच्या कानात आवतन देलं. काकी माह्याशी नेहमीसारखीच बोलली. सकाळी उठून पाह्यलं, तं तांबडा खुंट्यावर नव्हता.

दुपारी नाल्यावर आमचे बैल जमले, आन् पाहावं तं बहुतेक सारे एकेकटे. बऱ्याच घरी तेच झालं होतं. जोडीतला दुसरा बैल आखरावर गेला होता. तिकडे पाटलानं आपल्या गोठ्यातला एक बैल काढून सगळ्यांसमोर काकाच्या तांबड्याच्या जोडीले उभा केला. लोकायनं टाळ्या वाजवल्या म्हणतात. आखरावर पोळा फुटला तवा डफड्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. आमच्या घरच्यांनी आपलं तोरण हातानंच ओढून तोडलं.

पोळा फुटला का बैल घरोघर फिरवतात. बाई दारात येते, बैलाचे पाय धुते, कुंकू लावते, पुरणपोळी चारते. पांढऱ्याले घेऊन नवरा आळीतून निघाला, आन् पुढची पुढची दारं लागत गेली. बैलाले काय माहीत? थो दरवर्षीच्या दारासमोर आपणहून थांबे, मान पुढे करे. आतून कोणी येत नसे. काकीच्या दारासमोर तं थो हालेचना. माहं डोकंच फिरलं. मी धावत गेली आन् काकीच्या दारावर लाथ मारली. नवऱ्यानं मले धरून घरी आणलं.

नाल्यावरचे एकेकटे बैल आपसात जोडले जातीन असं वाटलं होतं, पण पुढच्या दिवसांत एकेक एकबैल्या पाटलाच्या घरी जाऊन पाय धरून आला. पाटलानं सगळ्यांले माफ केलं, सगळ्यांले सावड मिळवून देली. आमच्या घरचे गेले नाई. आमचं वावर गावाले लागूनच, पण पावसाळ्यात त्यात पाणी साचे, म्हून त्यात एकच पीक, रब्बीचं. थे पेरलं तं वर्षाचं खाणं. रब्बीची पेरणी जमिनीतल्या वलीवर, म्हणजे ओलाव्यावर होते, वल उडाली का बी मातीतच जळते. एका बैलानं पेराची तिफन चालत नाई. नवरा रोज वावरात जाऊन माती मुठीत दाबून पाहे आन् घरी येऊन बसे.

शेवटी मीच काकीकडे गेली. ज्या दारावर लाथ मारली त्याच दारात पदर पसरून उभी राह्यली. दोन दिवस तांबडा द्या, तुमच्या पाया पडते, म्हटलं.

"तुह्या घरच्यानं पोळा बाटवला," काकी म्हणाली. "तुमच्या बैलासंगं आमचा जुपला, तं पुढच्या पोळ्याले आमच्या बैलाचे पाय कोण धुईन?"

काका आत बसून होता. थो उठून मांगच्या दारानं गोठ्यात गेला.

मंग आमी दोघांनी हातानं हरभरा टोबला. खुरप्यानं भोक पाडाचं, दाणा टाकाचा, माती लोटाची, पुढे सरकाचं. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाणारे थांबून मजा पाहत. एकानं इचारलं, काहो, बैलाच्या जागी बायको जुपली काय? नवरा खुरप्यानं पुढचं भोक पाडाले लागला. मी ढेकूळ उचलून त्याले फेकून मारलं. लागलं नाई, याचं मले आजही वाईट वाटते. वल उडाली तवा बांधाजवळचा एक तुकडा तेवढा टोबून झाला होता. बाकीचं वावर पडीक राह्यलं. त्या साली आमी शेलूबाजारकडे मजुरीले गेलो, कारण गावात आमाले कोणी कामाले बोलावे ना.

हिवाळा सरता सरता आमच्या त्या अर्जावरून कचेरीचे लोक आले. त्यायनं साखळी टाकून गायरान मोजलं आन् सांगितलं, वाट गुरांची आहे, मोकळी करा. पाटील काई कच्चा नव्हता. त्यानं दुसऱ्याच दिवशी डफडं बोलावलं, आपल्या हातानं कुंपणाची पहिली काटी बाजूले केली आन् नारळ फोडला. सारं गाव गुरं घेऊन डोहावर गेलं, पाटलाच्या नावाचा जयजयकार करत. पाय धरून आलेले एकबैलेबी त्यात होते, तोंड वर करून ओरडून राह्यले होते. आमी मजुरीहून नुकतेच परतलो होतो. आमाले कोणी या म्हटलं नाई.

दिवस कलताना काकी आली. पोळ्यानंतर पहिल्यांदाच तिनं आमचा उंबरठा ओलांडला. हातात खोबऱ्याचा तुकडा होता. घे, म्हणाली, पाटलानं रस्ता देला, मनाचा मोठा माणूस.

मी तिचं मनगट धरलं आन् तिले तशीच ओढत वावरावर नेलं. काळ्या मातीले हात जाईन अशा भेगा पडल्या होत्या. बांधाजवळचा टोबलेला तुकडा सोडला, तं काडी नव्हती कुठं.

"हे पाहा, काकी," मी म्हटलं. "याच्यात जे उगवलं नाई, त्याचा तो रस्ता झाला."

काकीनं वावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाह्यलं. तिचे डोळे भरले, खोटं कायले सांगू? मले वाटलं, आता तरी हे बाई एक शब्द बोलीन. तिनं माह्या हातातून मनगट सोडवलं, खोबऱ्याचा तुकडा माह्या तळव्यावर ठेवला आन् माह्या पाठीवरून हात फिरवला, बाळंतपणात फिरवे तसा.

"रस्ता पाटलानंच देला, पोरी," ती म्हणाली. "तुमी तं फक्त पोळा बाटवला."