पाण्यातले कपडे

नव्वदीची शेवटची वर्षं होती. जालन्याबाहेर अंबड रस्त्याला, परदेशात राहून आलेल्या एका माणसानं मोठं उद्यान बांधायला काढलं होतं. पाटीवर ‘आंतरराष्ट्रीय दर्जाचं’ असं लिहिलं होतं. आत सिमेंटचं जंगल, सिमेंटचे हत्ती, तीन मजली घसरगुंड्या आणि लाटा उठणारं तळं होणार होतं. आमच्या गल्लीत तेव्हा नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नसे.

मी घरी ब्लाऊज शिवायची. पुढच्या खोलीत दोन मशिनी होत्या, एक माझी आणि एक शेजारच्या आपाची. कापायचं काम आपाचं. खडूनं रेघ न मारता ती अख्खा तागा कापून ठेवायची. तिच्या घरी उर्दू बोलत, माझ्याशी ती मराठीत बोलायची.

एका सकाळी त्या उद्यानाचा मॅनेजर आला. पुण्याकडचा, अदबीनं बोलणारा माणूस. त्यानं पिशवीतून बाईमाणसाचा परदेशी पोहायचा पोशाख काढला आणि माझ्या मशिनीवर ठेवला. वीतभर कापड. आपानं तो उजेडात धरला, उलटा करून शिवण पाहिली आणि घडी घालून परत दिला. मॅनेजर म्हणाला, हे फक्त कापड कळावं म्हणून आणलंय. साडी नेसून पाण्यात उतरणं धोक्याचं, घसरगुंडीवर पदर अडकतो. आणि असलं काही इथल्या बायका घालणार नाहीत. तेव्हा कोपरापर्यंत बाह्या, गुडघ्याखाली येणारी विजार, अंगाला न चिकटणारं असं काहीतरी शिवून द्या, ते आम्ही तिथंच भाड्यानं देऊ. दीडशे नग हवे होते, उद्घाटनाला पाच आठवडे उरले होते.

मी हो म्हणाले आणि त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. ते ताणलं जाणारं कापड आमच्या साध्या सुईला दाद देईना, चार टाके पडले की पाचवा सुटायचा. शेवटी आपानं बाजारातून गोल टोकाच्या सुया शोधून आणल्या, तेव्हा कुठं शिवण बसली. गल्लीत टँकर आला तेव्हा रांगेतली एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, “प्यायला घागर मिळंना, आन् ही पोहायचे कपडे शिवून राह्यली.” पुढच्या वेळी मॅनेजर आला तेव्हा मी त्याला पाण्याचं विचारलं. तो म्हणाला, बोअरचं पाणी आहे ताई, तेच गाळून पुन्हा पुन्हा फिरवतो. मी अर्धा विश्वास ठेवला.

माझे यजमान एसटीत कंडक्टर होते, परतूर-वाटूरकडच्या गाड्यांवर. त्यांनी या कामाला ना हो म्हटलं ना नको. घरी आले की दोऱ्याच्या रिळांवरून पाय उचलून आत जायचे. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं.

नव्वदेक नग झाले तेव्हा मी हट्ट धरला की एकदा पाण्यात घालून पाहायचं. मला पोहता येत होतं. तीर्थपुरीला, माहेरच्या विहिरीत, पाठीला सुकलेला भोपळा बांधून मी शिकले होते. बारा वर्षांची झाले तेव्हा आईनं एक दिवस सांगितलं, आता पुरे. त्यानंतर गुडघ्याच्या वर पाणी लागलं नव्हतं.

दुपारी मजूर जेवायला गेल्यावर मॅनेजरनं आम्हा दोघींना अर्धवट भरलेल्या तळ्यापाशी सोडलं आणि स्वतः फाटकाकडं गेला. आपा काठावर बसली. मी कमरेपर्यंत गेले, छातीपर्यंत गेले, आणि सदऱ्यात हवा भरून तो फुग्यासारखा तरंगत गळ्याशी आला. खाली मी उघडी. दोन्ही हातांनी दाबला तर पाठीमागून वर यायचा.

“भाभी, तशीच पाण्यात बस,” आपा म्हणाली आणि ओढणी घेऊन पायऱ्या उतरली.

येताना रिक्षात मला रडू येत होतं. आपा मात्र विचार करत होती. घर आल्यावर म्हणाली, “हवा आत जाती, तिला भायेर जायला वाट पाहिजे. बिलकुल सोपं हाय.” तिनं काखेत जाळीचं कापड लावलं आणि सदरा कमरेला विजारीशी बटणांनी जोडला. सोपं होतं खरं, पण नव्वद नग उसवायचे होते. उद्घाटनापर्यंतचे पंधरा दिवस आम्ही मशिनीवरच जेवलो.

उद्घाटनाला फीत, भाषणं, शाळेचं बँडपथक, सगळं झालं. पुरुष आणि पोरं धडाधड पाण्यात उतरली. बायका काठाकाठानं बसल्या, कुणी साडीत, कुणी बुरख्यात, पाय तेवढे पाण्यात. काउंटरवर आमच्या कपड्यांची चळत जशीच्या तशी होती. मी काउंटरपासून तळ्यापर्यंत आणि तळ्यापासून काउंटरपर्यंत किती फेऱ्या मारल्या देव जाणे. शेवटी आपा म्हणाली, “शिवले आपण. पहिल्यांदा तूच घाल.”

यजमान माझी पर्स धरून उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं.

“जायचं तर जा,” ते म्हणाले. “माझ्याकडं काय पाहून राह्यली?”

ते रागानं बोलले की कसं, मला कळलं नाही. मी कपडे बदलून आले आणि मान खाली घालून उतरले. तेवढ्यात लाटांचं यंत्र सुरू झालं. विहिरीचं पाणी तुम्हाला धरून ठेवतं, हे पाणी ढकलत होतं. दोनदा नाकातोंडात गेलं. तिसऱ्या लाटेवर माझे हात आपसूक चालायला लागले. सदरा जागचा हलला नव्हता. काठाशी आले तेव्हा दोघी बायका माझ्या तोंडाकडे नव्हे, सदऱ्याच्या जाळीकडे पाहत होत्या. एकीनं विचारलं, हे कुठं मिळतं. दिवस मावळेपर्यंत चळत निम्म्यावर आली.

रात्री भाकरी वाढली तेव्हा यजमान म्हणाले, “खोल होतं का?”

“न्हाई. छातीइतकं.”

“मंग ठीक.”

त्यावर आमच्यात पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

उद्यान तीन उन्हाळे चाललं. मग एका साली पाऊसच पडला नाही, बोअर आटले, तळं कोरडं पडलं आणि फाटकाला कुलूप लागलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. नुसते ब्लाऊज शिवताना हात थांबायचे.

पुढं औरंगाबादकडं तसंच दुसरं उद्यान उभं राहिलं. तिथून माणूस आला, दोनशे नग मागू लागला. आपा लगेच तयार झाली. मी दोन दिवस हो म्हणेना, नाही म्हणेना. टँकरच्या रांगेत उभी राहिले की एक वाटायचं, मशिनीशी बसले की दुसरं. तिसऱ्या दिवशी आपानं मला न विचारता तागा जमिनीवर उलगडला आणि कात्री लावली. मी साधी सुई काढून गोल टोकाची लावली आणि मशिनीत दोरा ओवला.