एसटीला दाखवलेला हात

सकाळी वॉर्डात आल्या की सिस्टर माझ्या वडिलांना म्हणतात, "काका, एसटी थांबवा बघू." अप्पा दोन्ही हात समोर लांब करून तळवे उभे धरतात. यकृत थकलं की शरीरातलं विष मेंदूपर्यंत चढतं आणि असे धरलेले पंजे आपोआप फडफडू लागतात, असं सिस्टरनी मला समजावलं होतं. तेव्हापासून मी त्या हातांकडे श्वास रोखून बघते.

याच हाताने अप्पा रोज फाट्यावर माझी कॉलेजला जायची एसटी थांबवत. आमच्या घरात आधी कुणी शिकलेलं नव्हतं. मी चढून बसेपर्यंत तो हात खाली येत नसे. भीती इतक्या ओळखीच्या जागी येऊन बसेल, असं कधी वाटलं नव्हतं.

रोज अप्पा विचारतात, "सिस्टर, तिकीट कोण काढणार?" आज ते काहीच बोलले नाहीत. पंजे खाली पडले, सावरले, पुन्हा पडले. सिस्टरचं हसू मावळलं आणि त्या डॉक्टरांना बोलवायला धावल्या.

"अप्पा, हात खाली घ्या आता," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे अनोळखी नजरेने पाहिलं. "जरा थांबा हो. माझी पोरगी चढायचीय अजून."