उजव्या तर्जनीचा संप

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही त्यांसही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की महामारीच्या पहिल्या हिवाळ्यात, एका शनिवारी सकाळी, मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरात, जेवणाच्या टेबलावर माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीने बेमुदत संप पुकारला. संप अद्याप मागे घेतलेला नाही.

"नेक्स्ट, मेट."

मी बटण दाबलं.

"नेक्स्ट."

दाबलं.

स्क्रीनवर वीस-बावीस चौकोन. प्रत्येक चौकोनात एक चेहरा, प्रत्येक गळ्यात निळा आणि हळदी पिवळा मफलर. उत्तर फ्रान्समधल्या एका छोट्या गावचा फुटबॉल क्लब. त्याचे चाहते मेलबर्नमध्ये असावेत हेच नवल, पण आहेत. बहुतेक निवृत्त, बहुतेक गोरे, आणि एक मी. त्या दिवशी क्लबची शंभरी होती. आमचा अध्यक्ष रॉजर क्लबचा इतिहास सांगत होता. निवृत्त वकील. आवाज असा की हवामानाचा अंदाज वाचला तरी माणसं उभी राहतील. त्या आवाजात तो माझी वाक्यं वाचत होता. माझी, मी लिहिलेली, स्वल्पविरामांसकट.

सुरुवातीला त्यानं माझी ओळखही करून दिली. "पडद्यामागे आपला टेक्निकल माणूस. बिर्याणीपण झकास करतो." सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची चव अजून तोंडात आहे. कडू.

आमच्यात एक पद्धत होती. कॉलच्या सुरुवातीला प्रत्येकानं नाव सांगायचं आणि क्लबच्या फ्रान्समधल्या मैदानावर आपण किती वेळा जाऊन आलो तो आकडा सांगायचा. रॉजर, अकरा. मार्गारेट, चार. माझा नंबर आला की मी म्हणायचो, शून्य. मग कुणीतरी म्हणायचं, "नो वरीज मेट, पुढच्या वर्षी." त्या वर्षी मी खरंच तिकीट काढलं होतं. मग सीमा बंद झाल्या, फ्रान्सनं तो सीझनच अर्धवट सोडून दिला, आणि आम्हाला घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी आली. गंमत बघा. आता अकरावालाही घरात आणि शून्यवालाही घरात. तरी आकडे विचारणं थांबलं नाही.

पण मी त्या क्लबला रॉजरच्या आधीपासून ओळखतो. वसईला आमच्या चर्चच्या मैदानावर फादर झगा कमरेला खोचून गोलकीपिंग करायचे. तरुणपणी ते उत्तर फ्रान्सात शिकायला होते. येताना दोन वस्तू घेऊन आले, एक निळा-पिवळा मफलर आणि त्या गावच्या चर्चच्या मासिक पत्रकांचा गठ्ठा, ज्यात प्रार्थनांइतकीच मॅचची वर्णनं. त्या पत्रकांवरून त्यांनी मला फ्रेंच शिकवलं. त्यामुळे माझं फ्रेंच विचित्र आहे. मला हॉटेलात पाणी मागता येत नाही, पण डाव्या बाजूनं केलेल्या गोलाचं वर्णन पाठ आहे.

मी हॉस्पिटलात कामाला आहे. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, मोजायची, ट्रेमध्ये लावायची, वाफेच्या यंत्रातून काढायची. लॉकडाउनमध्ये सगळे घरी, मी परवान्याचं पत्र खिशात घालून शिफ्टला. आमच्याकडे प्रत्येक ट्रेवर पॅक करणाऱ्याची सही लागते. कौतुक म्हणून नव्हे. उद्या टेबलावर एखादा चिमटा कमी निघाला, तर माणूस सापडावा म्हणून.

शिफ्ट संपली की दुपारी मी इतिहास लिहायचो. फादरांच्या गठ्ठ्यात नव्हती ती पत्रकं कुणी भल्या माणसानं स्कॅन करून इंटरनेटवर ठेवली होती. तीन महिने बसलो. आणि एक गोष्ट सापडली.

क्लबचा वाढदिवस खोटा होता.

त्या मैदानाच्या दारात एका कारखानदाराचा अर्धपुतळा आहे. खाली कोरलंय, संस्थापक. रॉजरचा पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवलेला फोटो आम्हा सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये आहे. पण पत्रकं वेगळंच सांगत होती. क्लब काढला चर्चच्या एका तरुण फादरनं, कापड रंगवायच्या कारखान्यातल्या कामगार पोरांना घेऊन. पहिले शर्ट त्यांच्या आयांनी उरलेल्या रंगात बुडवले. निळा कमी पडला म्हणून बाह्या पिवळ्या. तोच आमचा पवित्र रंग. रविवारच्या शिफ्टला न येता मॅच खेळले म्हणून मालकानं, म्हणजे त्याच पुतळेवाल्यानं, तिघांना कामावरून काढलं. नऊ वर्षांनी ती टीम जिंकायला लागली, तेव्हा त्याच मालकानं ती ताब्यात घेतली आणि आपण सही केली तो दिवस स्थापना दिन ठरवला. आधीची नऊ वर्षं गेली कुठे? कुठेच नाही. पुसली.

ही माझी चौथी स्लाइड होती. सगळं प्रेझेंटेशन मी तिच्यासाठीच केलं होतं.

गुरुवारी रॉजरचा फोन आला.

"सुंदर काम, मेट. फक्त ती चौथी काढून टाक. लोक महिनोन्‌महिने कोंडलेत, त्यांना जरा आनंद हवाय. मार्गारेटनं केकवर शंभर लिहायला घेतलंय."

"पण ते खरं आहे," मी म्हणालो.

"असेल. आणि बोलायचं मी बघतो. मी तिथं जाऊन आलोय ना. शिवाय तुझे उच्चार, वर ही असली इंटरनेटची लाइन. लोकांना कळायला नको का? तू स्लाइड्स पुढे सरकव."

माझे उच्चार. हा माणूस अकरा वेळा जाऊन आला आणि गावाचं नाव अजून बटाट्याच्या भाजीसारखं चावून बोलतो.

आणि मी काय म्हणालो? ऐका. मी म्हणालो, "नो वरीज." या देशात मी सर्वांत जास्त वेळा बोललेलं खोटं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझी बायको फिलो तिच्या ऑफिसचं काम करत होती. तिनं हेडफोन काढला.

"तू लिहिलंस. बोलणार तो. मग तू काय करणार?"

"बटण दाबणार."

"ट्रेवर सही करतोस ना रोज?"

"ती करावीच लागते."

"म्हणजे चुकलं तर नाव तुझं. आणि बरोबर आलं तर?"

तिनं हेडफोन परत लावला. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. वीस वर्षं मी सह्या करतोय. धुतलेल्या कात्र्यांवर, चिमट्यांवर, दुसऱ्यांच्या हातात जाणाऱ्या सगळ्या वस्तूंवर. आणि आयुष्यात जी एक गोष्ट मी स्वतःच्या डोक्यातून काढली, तिच्यावर कुठेही माझं नाव नव्हतं. ते रॉजरनं काढलं नव्हतं. मीच घातलं नव्हतं. नऊ वर्षं पुसायला मालकाला निदान एक सही करावी लागली. माझ्या बाबतीत तेवढीही गरज पडली नाही.

चौथी स्लाइड मी काढली नाही. नुसती लपवली.

आता परत शनिवारी. तिसरी स्लाइड, कारखान्याची धुरांडी. रॉजरचा आवाज चढला. "आणि मग या गरीब गावाला एक उदार माणूस भेटला." हे वाक्य माझं नव्हतं. "नेक्स्ट, मेट."

बोट हललं नाही.

"मेट? नेक्स्ट."

मी प्रेझेंटेशन थांबवलं. स्क्रीन माझीच दिसत होती, त्यामुळे पुढचं सगळं सभासदांना जसंच्या तसं दिसलं. लपवलेली चौथी बाहेर काढली. मोठी केली. मग तिच्याखाली, सगळ्यांसमोर, एकेक अक्षर टाइप करून माझं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. लांब नाव आहे. वेळ लागला. बावीस माणसं बघत होती.

"तू चुकीचं पान लावलंस," रॉजर म्हणाला.

"बरोबर लावलंय. आता मी सांगतो. क्लब काढला तो—"

त्यानं मला म्यूट केलं.

आवाज गेला. पण स्लाइड तिथंच. ती खाली कशी घ्यायची हे त्याला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ते काम पडद्यामागचा माणूस करत होता. रॉजर चष्मा वर-खाली करत कुठली कुठली बटणं दाबत राहिला, आणि ती कामावरून काढलेली तीन पोरं पिवळ्या बाह्यांत त्याच्या नाकासमोर उभी राहिली.

पुढे काय झालं विचाराल, तर काही झालं नाही. माफी नाही. सोमवारी मला ग्रुपमधून काढलं. पुतळा दारात आहे, खाली अजून संस्थापकच कोरलंय. ते मफलर मला प्रिय होते, ती माणसंही. वाईट वाटतं. वाटू दे.

माझ्यापुरतं ठरलंय. मी केलेलं काम सहीशिवाय माझ्या हातातून सुटणार नाही. माझ्या वाक्यांसाठी मी दुसऱ्याचा आवाज उसना घेणार नाही. मैदानावर गेलो तर माझ्या पायांनी जाईन, आणि नाही गेलो तरी मला कुणी आकडा विचारायचा नाही. "नो वरीज" हे शब्द मी बंद केलेत. वरी असेल तिथं वरी आहे असंच सांगतो.

एक सांगायचं राहिलं. त्या शनिवारी, मी म्यूट होतो तेव्हा, मार्गारेट केक बाजूला सारून स्क्रीनच्या अगदी जवळ आली. तिनं चौथी स्लाइड शेवटपर्यंत वाचली, आणि शांतपणे विचारलं, "रॉजर, या तीन मुलांबद्दल तू कधी बोलला नाहीस. हे तुला कुठं मिळालं?"

रॉजर बटणं शोधून घामाघूम झाला होता. तो वर न बघताच तिच्यावर खेकसला:

"मला काय ठाऊक? सगळं त्यानंच लिहिलंय."