अण्णानं ऐकलेलं रोम

माझा थोरला भाऊ इटलीच्या लढाईत मोटार चालवत होता, त्या थंडीत भूमच्या आमच्या घरी त्याचं एक जाड पाकीट आलं. आत रोम शहराच्या चित्रांची सहा कार्डं होती. आम्ही निजामाच्या मुलखातले, पण अण्णा शेजारच्या इंग्रजी हद्दीतल्या बार्शीला मोटार शिकायला गेला आणि तिथूनच परस्पर इंग्रजांच्या फौजेत भरती झाला. आमच्या वडिलांनी, अप्पांनी, त्या रागानं वर्षभर त्याचं नाव काढलं नव्हतं. पाकीट मात्र तेच पळत घेऊन आले, दुकान उघडं टाकून.

वाचायचं काम माझं. मी तेव्हा पंधरा वर्षांची. दुकानातल्या पुड्यांच्या कागदांवर अप्पांनीच मला अक्षरं शिकवली होती. पहिलं कार्ड उलटलं आणि मी थबकले. अक्षर अण्णाचं नव्हतं. खाली लिहिलं होतं, हाताला जरा लागलंय म्हणून साताऱ्याकडचा दोस्त लिहितोय.

"वाच की," आई, आमची अव्वा, म्हणाली.

मी वाचत गेले. एका कार्डावर अर्धं ढासळलेलं गोल दगडी रिंगण होतं. त्यात पूर्वी माणसांची आणि सिंहांची झुंज लावत. दुसऱ्यावर त्यांच्या धर्मगुरूंचं मोठं देऊळ, पुढं दोन्ही अंगांना खांबांच्या रांगा, कवेत घ्यायला हात पसरावेत तशा. मग एक घुमट, त्याला मधोमध भोक, तिथून उन्हाचा झोत थेट फरशीवर. एक पूल, कठड्यावर पंखवाल्या मूर्ती. एक भली रुंद पायऱ्यांची चढण. आणि शेवटी भिंतीएवढं कारंजं, दगडी घोडे पाण्यातून उसळलेले. पाठमोरं उभं राहून त्यात नाणं टाकलं की माणूस पुन्हा रोमला येतो, असं त्या दोस्तानं लिहिलं होतं.

"पुन्हा तिकडं कशाला?" अव्वा घाबरून म्हणाली. "त्याला लिही, टाकू नको म्हणावं."

दोन दिवस गल्लीतल्या बाया कार्डं बघायला येत होत्या. तिसऱ्या दिवशी जेवताना अप्पा म्हणाले, "सहाच्या सहा कार्डांत रोम हाय. पोरगा कुठं हाय त्यात?"

पोरगा उन्हाळ्याच्या तोंडी आला. अप्पा बार्शीच्या स्टेशनावरून त्याला बैलगाडीत घेऊन आले. अव्वा दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. अण्णा गाडीच्या दांडीला धरून उतरला, एक पाय खाली सोडून त्यानं जमीन चाचपली, मग दुसरा ठेवला. डोळ्यांवर काळा चष्मा. अप्पा बैलांकडं बघत राहिले. त्यांना वाटेतच सगळं कळलेलं होतं.

"इकडं बघ की रे," अव्वा म्हणाली.

"अव्वा, तू बोलत राहा. मी आवाजाच्या रोखानं येतो."

पुढच्या मोटारीखाली सुरुंग फुटला होता आणि ह्याच्या मोटारीची काच डोळ्यांत गेली होती. रोमच्या लष्करी दवाखान्यात तो चार महिने होता. पाय जायबंदी झालेला साताऱ्याचा दोस्त शेजारच्या खाटेवर. बऱ्या होत चाललेल्या शिपायांना लॉरीत घालून एक दिवस शहर दाखवायला नेलं, तेव्हा ते दोघे बरोबरच गेले. दोस्त बघत होता आणि सांगत होता.

अप्पांनी त्याला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. एवढंच. अण्णाची ठरलेली सोयरीक मुलीकडच्यांनी मोडली. अव्वा मात्र रोज सकाळी त्याच्या तोंडासमोर हात हलवून बघायची. तिला वाटायचं, त्याला समजत नाही. तो मान न हलवता बसून राहायचा. मी चुलीपाशी बसून दोघांना बघायची.

पावसाळा सरता सरता शाळेचे हेडमास्तर घरी आले. उर्दूत म्हणाले, गावात रोम पाहिलेला दुसरा कोणी नाही, मुलांना दोन शब्द सांगा. अण्णा हो म्हणाला. मी त्याला हात धरून नेलं आणि वर्गाच्या दाराशी उभी राहिले.

तो फार छान बोलला. एवढं सलग मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. रिंगणाचे मजले सांगितले, खांबांच्या रांगा सांगितल्या. कारंज्यापाशी आल्यावर म्हणाला, "पाण्याचा असा आवाज की शेजारचा माणूस काय बोलतो ते ऐकू येत न्हाय."

पुढच्या रांगेतल्या एका मुलानं विचारलं, "पण तुम्ही हे बघितलं कसं?"

मुलगा खोडसाळ नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. हेडमास्तरांनी त्याला दटावलं, पण प्रश्न तर येऊन गेला होता. अण्णा माझ्या दिशेला वळला.

"दोस्तानं बघितलं," तो शेवटी म्हणाला. "मी ऐकलं."

परत येताना वेशीपाशी त्यानं माझा हात सोडला आणि उभाच राहिला.

"त्या कारंज्याला पाणी नव्हतं," तो म्हणाला.

"कार्डावर तर हाय."

"असंल. लढाईत नळ बंद पडले असतील. आम्ही गेलो तवा थेंबाचाही आवाज नव्हता. पोरं तेवढी भाकरीसाठी मागं लागली होती, त्यांचं ऐकू येत होतं. आन् दोस्त मला सांगतोय, पाणी कसं कोसळतंय, उन्हात कसं चमकतंय. सांगता सांगता रडत होता. मी व्हय व्हय म्हणत गेलो."

"मग शाळेत तसं का सांगितलंस?"

"मग काय सांगू?"

मी त्याचा हात पुन्हा हातात घेतला आणि आम्ही घरी आलो. हेडमास्तरांनी पुढं दोनदा निरोप पाठवला, पण तो गेला नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून अंबाडीच्या दोऱ्या वळायला लागला. साताऱ्याला त्यानं माझ्याकडून तीन पत्रं लिहवून घेतली. एकाचंही उत्तर आलं नाही.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं, धाराशिवला. मी अप्पांना म्हणाले, आणखी थोडं थांबू या, अण्णाचं कोण बघंल? ते म्हणाले, "तुला किती दिवस ठेवून घेऊ?" तेही कुठं चुकीचं बोलत होते.

निघायच्या दिवशी अण्णा रस्त्यावर येऊन उभा राहिला. गाडी आधी पश्चिमेला तोंड करून उभी होती, गाडीवानानं ती बाजूच्या बोळात घालून उलट्या दिशेला वळवली. त्या गर्दीत त्याला ते उमगलं नाही. गाडी चालू लागली तेव्हा तो रिकाम्या रस्त्याकडं तोंड करून हात हलवत होता. हाक मारली असती तर तो वळला असता, पण मग इतका वेळ आपण भलतीकडंच हात करत होतो हे त्याला सगळ्यांदेखत कळलं असतं. मी पदर तोंडात धरला आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत त्याच्या पाठीकडं बघत राहिले.